वसमतच्या वेळेनं

वसमतच्या बसस्टँडवर मी एकोणीस वर्षं कंट्रोलर होतो. कागदावर हुद्दा वाहतूक नियंत्रक असा होता, पण तसं मला कुणीच म्हणत नसे. चौकशीच्या खिडकीमागं बसायचं, लॉगशीट भरायचं, ड्रायव्हर-कंडक्टरांची भांडणं मिटवायची आणि माईकवर सांगायचं की हिंगोलीला जाणारी गाडी दोन नंबरच्या फलाटावर लागली आहे. गाडी कधी बिघडली असेल, ड्रायव्हर कधी आला नसेल, पण कंट्रोलरच्या घड्याळापायी गाडी मागंपुढं झाली असं माझ्या काळात एकदाही घडलं नाही. लोक रस्त्यात थांबवून माझ्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घ्यायचे. ही बढाई नाही असं म्हणणार होतो, पण आहे बढाई. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मिरवण्यासारखं तेवढंच मिळालं, ते मी मिरवणार.

म्हणूनच पुढची गोष्ट सांगायला मला इतकी वर्षं लागली.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. बायकोचा धाकटा भाऊ इंजिनिअर होऊन मलेशियाला नोकरीला लागला होता. त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं. मी, बायको, चौथीतली लेक आणि माझी माय. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर मला सहा दिवसांची रजा मंजूर झाली. जाण्यायेण्याचे दिवस काढले तर तिकडं राहायला मिळणार होते तीन. त्यातले दोन दिवस एका मोठ्या खेळांच्या पार्कात घालवायचे असं मेहुण्यानं आधीच ठरवून टाकलं होतं आणि त्या पार्कचं रंगीत माहितीपत्रक लेकीच्या नावानं पाठवलं होतं.

त्या माहितीपत्रकात एका रेल्वेचं चित्र होतं. उंच चढायची, खाली कोसळायची आणि मध्येच माणसांसकट उलटी व्हायची. लेकीनं तिचं नाव उलटी रेल्वे ठेवलं. चित्राखाली बारीक अक्षरात एक अट होती. उंची किमान एकशे वीस सेंटिमीटर हवी.

लेक वर्गात सगळ्यात बुटकी. प्रार्थनेच्या रांगेत उंचीप्रमाणं उभं करतात, त्यात पहिलीपासून चौथीपर्यंत तिचा पहिला नंबर कधी हुकला नव्हता. पोरं चिडवायची. घरी येऊन ती कधी रडली नाही, पण मला ठाऊक होतं. आता तिनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की मी उलटी रेल्वेत बसून येणार आहे. सांगून झाल्यावर मग तिनं अट वाचली. माहितीपत्रक घेऊन ती थेट स्टँडवर आली, खिडकीतून हात घालून कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, मी किती हाय?"

मी तिथंच सांगून टाकलं, "तू बसणार. जबाबदारी माझी."

घरी दाराच्या चौकटीला उभी करून शिंप्याच्या टेपनं मोजली. एकशे एकोणीस आणि वर थोडं. निघायला सव्वा महिना होता. तेव्हापासून रोज मोजणं सुरू झालं. कधी मी ड्यूटीवर जाताना मोजायचो, कधी आल्यावर. पेन्सिलीच्या रेघा वर-खाली व्हायला लागल्या. आधी वाटलं पोरगी टाचा उचलते. मग लक्षात आलं की सकाळची रेघ नेहमी वर असते आणि संध्याकाळची खाली. गावातल्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, माणूस सकाळी उंच असतो, दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि जरासा खाली येतो. निघायच्या आठवड्यात सकाळची रेघ एकशे वीसच्या काडीभर वर आणि संध्याकाळची काडीभर खाली अशी आली.

मला एवढंच हवं होतं. सकाळच्या वेळी पार्कात पोचायचं की काम फत्ते. आणि वेळ हा तर माझा विषय.

अडचण एकच होती. मलेशियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. आपल्याकडं सकाळचे सहा म्हणजे तिकडं साडेआठ. शरीराला सवय नसेल तर पहिले दोन दिवस माणूस झोपेत चालतो, असं मेहुण्यानं फोनवर सांगितलं होतं. आपले तर दिवसच तीन. ते झोपेत घालवायला मी काही अडाणी नव्हतो. मी गणित मांडलं. अडीच तास म्हणजे दीडशे मिनिटं. सहा दिवस रोज पंचवीस मिनिटं घरातलं घड्याळ पुढं करायचं, सातव्या दिवशी घर वसमतमध्ये आणि वेळ मलेशियाची. वेळापत्रक करून स्वयंपाकघरात डकवलं. उठणे, चहा, जेवण, झोप. खाली सही केली, सवयीनं.

बायकोनं ते वाचलं आणि विचारलं, "आन् नळाला बी सांगितलं का तुमी, पंचवीस मिनिटं आधी येत जा म्हणून?"

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. हातातलं घड्याळ मला ड्यूटीसाठी आपल्याच वेळेवर ठेवणं भाग होतं, त्यामुळं मी स्टँडवर भारतात आणि घरी परदेशात राहायला लागलो. दूधवाला यायच्या आधी आमचा चहा होऊन जाई, तोही कोरा. शेवटी शेवटी संध्याकाळी साडेसहाला आमच्या घरातले दिवे बंद व्हायचे. बाहेर गल्लीत पोरं खेळत असायची आणि आमची लेक पांघरुणात डोळे टक्क उघडे ठेवून पडलेली. पहाटे साडेतीनला मी सगळ्यांना उठवायचो, तेव्हा कुत्रीसुद्धा झोपलेली असत.

एके दिवशी गल्लीतले गुरुजी काही कामानं घरी आले होते. बायकोनं त्यांना जेवायला बसवलं. जेवताना त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली, कंट्रोलरच्या घरचं घड्याळ म्हणजे शंकाच नाही, आणि गुरुजी अर्ध्या ताटावरून उठले. धापा टाकत माझ्या खिडकीशी आले. "गेली का हो नांदेड?"

मी म्हणालो, "गुरुजी, अजून दीड तास हाय. काहून पळून राहिले?"

त्यांनी सगळं सांगितल्यावर मी त्यांना चहा पाजला. त्यांनी तो घेतला, पण त्या दिवसापासून त्यांनी मला वेळ विचारली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी माय गावाकडून, डोंगरकड्याहून आली. माझ्या मायकडं सात शेळ्या होत्या आणि घड्याळ एकही नव्हतं. शेळ्यांचं दूध काढायचं, गोठा झाडायचा, पाणी भरायचं, मग साडेआठच्या सुमाराला न्याहारी. मी पोरगा असताना कितीदा तपासून पाहिलं होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला की साडेआठ. पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं व्हायची नाहीत. ती यायला तयार नव्हती, पण नात अडून बसली की आजी आली तरच मी जाणार. शेवटी शेळ्या शेजारणीवर सोपवून ती आली. मी तिला वेळापत्रक वाचून दाखवलं.

"हे काय करून राहिलास?" तिनं विचारलं.

मी समजावलं. तिकडचा सूर्य, इकडचा सूर्य, अडीच तास, शरीराची सवय. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"किती दिस राहायचं म्हणलास तिकडं?"

"तीन."

"मग राहू दे. मला न्हाई बदलायचं काही," ती म्हणाली आणि तिच्या वेळेला झोपली, तिच्या वेळेला उठली. आम्ही पहाटे साडेतीनला चहा पीत असताना ती कूस बदलून म्हणाली, "दिवा तेवढा घालवा." मी बायकोकडं पाहून खांदे उडवले. म्हातारं माणूस, करील तिकडं गेल्यावर तकलीफ सहन, असं माझ्या मनात आलं. मनातच नाही, बायकोला बोलूनही दाखवलं.

नांदेडहून हैदराबाद, हैदराबादहून विमान. शुक्रवारी सकाळी आम्ही मलेशियात उतरलो आणि माझ्या गणिताचा विजय झाला. सगळे प्रवासी जांभया देत होते आणि आमची तिघांची तोंडं ताजीतवानी. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमी तर इथलेच वाटून राहिले." मला ते फार आवडलं. हातातलं घड्याळ मी मोठ्या थाटात अडीच तास पुढं केलं. माय मात्र त्याच्या घरी गेल्या गेल्या आडवी झाली. दुपारी उठली, जेवली, रात्री आम्ही नऊला झोपलो तेव्हा ही खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होती.

शनिवारी मेहुण्याला अर्धा दिवस कामावर जायचं होतं. त्यानं टॅक्सी सांगून ठेवली होती. पार्क दहाला उघडतो, नऊला निघा, असं तो म्हणाला. नऊला निघायला मी काय पाव्हणा होतो? मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरलाही मी तासभर आधी उठवणारा माणूस. सहाला सगळ्यांना उठवलं. तिकडं सातपर्यंत उजाडत नाही, अंधारातच आंघोळी उरकल्या. मायला हलवून हलवून जागं केलं. साडेआठला आम्ही पार्कच्या दारासमोर उभे होतो. आमच्या आधी तिथं फक्त झाडूवाले आलेले.

दार उघडेपर्यंत दीड तास उभं राहिलो. मग आत जायची रांग, मग उलटी रेल्वेची रांग. ती रेल्वे चित्रात होती त्यापेक्षा मोठी होती. डोक्यावरून खडखडाट करत गेली की जमीन हलायची. लेकीनं माझा हात धरला होता, पण मान वर करून ती हसत होती. मायनं वर एकदा पाहिलं, सावलीतला बाक शोधला आणि पदर तोंडावर घेऊन झोपून गेली.

रांगेच्या टोकाला एक खांब होता, त्यावर आडवी पट्टी. टोपी घातलेली एक पोरगी तिथं उभी. लेक खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली, अगदी आमच्या चौकटीला राहायची तशी, टाचा टेकवून, हनुवटी सरळ. त्या पोरीनं पट्टीखालून तळहात सरकवला. हात केसांना न लागता निघून गेला. तिनं पुन्हा एकदा पाहिलं आणि मान हलवली.

मी म्हणालो, पुन्हा मोजा. तिनं पुन्हा मोजलं. मग मी पिशवीतून शिंप्याचा टेप काढला. हो, मी तो वसमतहून नेला होता. टेप लावून मी माझ्या इंग्रजीत तिला सांगायला लागलो की आमच्या घरी ही एकशे वीस भरते, रेघा आहेत, डॉक्टरांना माहीत आहे. मागं रांग खोळंबली. ती पोरगी हसतमुखानं सॉरी म्हणत राहिली. टेपही तिच्याच बाजूनं बोलत होता. काडीभर कमी.

आमच्या एसटीत मी उलटा प्रकार आयुष्यभर पाहिला. हाफ तिकिटासाठी आयाबाया पोराला गुडघ्यात वाकवून उभं करायच्या, दाढी फुटायला आलेल्या पोराला कडेवर घ्यायच्या. तक्रार माझ्या खिडकीपर्यंत आली की मी ऐटीत म्हणायचो, नियम म्हणजे नियम. आणि त्या दिवशी माझा हात लेकीच्या हनुवटीखाली होता, तिला वर उचलत होता. मी हात काढून घेतला.

लेक रडली नाही. रांगेतून बाहेर येताना तिनं फक्त विचारलं, "पप्पा, आता सकाळच हाय ना?"

मी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. सकाळच होती. वेळेबद्दल मला विचारलेला आणि मला न आलेला तो पहिला प्रश्न.

मायच्या बाकाशी आलो तर ती उठून बसली होती. फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडून खात होती. मेहुण्याच्या घरी तिनं आदल्या दिवशी स्वतः थापलेली. नातीचं तोंड पाहून तिला कळलं. तिनं अर्धी भाकरी तिच्या हातात दिली आणि काही विचारलं नाही. बाकी दिवसभर लेक छोट्या लेकरांच्या पाळण्यांत बसली. घोड्यावर बसून गोल फिरताना तिनं आम्हाला हात हलवला, आमच्या समाधानासाठी. ते मला बघवत नव्हतं.

संध्याकाळी मेहुण्याच्या घरी मी कागद-पेन घेऊन बसलो. उद्या पाचला उठायचं असं मी ठरवत होतो. अजून लवकर गेलो तर अजून सकाळ असेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. लेक टीव्हीपुढं जमिनीवर झोपली होती. माय माझ्याजवळ येऊन बसली.

"सकाळी किती वाजता उठवलं होतंस लेकराला?"

"सहाला."

"आन् त्या खांबाला कवा लावलंस?"

"पावणेअकराला."

"म्हंजे पाच घंटे पोरगी पायावर उभी. मग दबंल न्हाई तर काय व्हईल?" ती म्हणाली. "डाक्टरनं सकाळ म्हणलं ते घड्याळातली सकाळ म्हणलं, का झोपून उठल्यावर म्हणलं?"

डॉक्टरांनी काय म्हटलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. दिवसभरात दबतो. मी ते घड्याळातून ऐकलं होतं. पोरगी सहाला उठली काय आणि नऊला उठली काय, गाद्यांना पावणेअकरा माहीत नसतात. त्यांना एवढंच माहीत की उठून किती वेळ झाला. आणि माझ्या सहा दिवसांच्या तालमीनं मी पोरीला इतकं पक्कं तयार केलं होतं की ती पार्क उघडायच्या चार तास आधी जागी.

माय पुढं म्हणाली, "तुझा बाप होता तवा आमी शेळ्या घेऊन भावकीच्या लग्नाला जायचो, चार-चार दिस. नवं गाव, नवं रान. पर पहिले दोन-तीन दिस शेळ्या जुन्याच टायमाला सोडायच्या, जुन्याच टायमाला बांधायच्या. न्हाई तर चरत न्हाईत, दूध आटतं. ऱ्हायचं असंल तिथं तर बदलायचं. परवा आपल्याला माघारी जायचं. काहून बदलायचं?"

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, मी तर पहिल्याच दिवशी म्हणलं होतं." ती तसं काही म्हणाली नव्हती. नळाबद्दल म्हणाली होती. पण मी त्या वेळी वाद घालायच्या स्थितीत नव्हतो.

मी हिशेब केला. मनातल्या मनात, कागद न घेता. आपलं लेकरू घरी साडेसहाला उठतं. म्हणजे इथले नऊ. नऊला उठून दहाच्या पार्कात. मी काहीच केलं नसतं, वसमतमध्ये सुखानं झोपलो असतो आणि इथं वसमतच्याच वेळेला उठलो असतो, तर लेक ताजी, लांब, झोपेतून नुकतीच उठलेली अशी त्या खांबाला लागली असती. अडीच तासांचा फरक आमच्या बाजूनं होता. मी सहा दिवस खपून तो खोडून काढला होता.

इतका अपमान माझा नोकरीत कधी झाला नाही, आणि इथं तर कुणी काही बोललंही नव्हतं. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि अडीच तास मागं केलं. मायनं मी उशाशी ठेवलेलं गजराचं घड्याळ उचललं, एका लुगड्यात गुंडाळलं आणि आपल्या पिशवीच्या तळाशी घातलं. "उद्या मी उठवीन," ती म्हणाली.

रविवारी लेकीनं सवयीनं सहाला डोळे उघडले, असं मला नंतर कळलं. माय तिच्याजवळच झोपली होती. तिनं तिला उठू दिलं नाही. पांढऱ्या शेळीला झालेल्या करडांच्या गोष्टी सांगत पाठीवर थोपटत राहिली, तशी ती पुन्हा झोपली. मी सहापासून दुसऱ्या खोलीत जागा होतो आणि उठायची चोरी होती. आयुष्यात तसे तीन तास मी काढलेले नाहीत. नऊ वाजून गेल्यावर माय म्हणाली, "हं, आता चला. पर पोरीला बसवू नका, निजवा."

मेहुण्याच्या गाडीत मागच्या सीटवर लेक आडवी, डोकं आजीच्या मांडीवर. बायको आणि मी पुढं एका सीटवर कसेबसे. पार्कात पोचल्यावर आमच्याकडची युक्ती कामी आली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा मेहुण्याला रांगेत उभा केला. लेक बाकावर निजलेली. येणारेजाणारे बघत होते. एका बाईनं थांबून खुणेनं विचारलं, पोरगी आजारी आहे का? मायनं तिला सरळ मराठीत सांगितलं, "आजारी न्हाई. लांब हून राहिली." त्या बाईला काय कळलं देव जाणे, पण तिनं मान डोलावली.

रांग टोकाशी आली तसा मेहुण्यानं हात वर केला. मी लेकीला उचलून नेलं आणि खांबापाशी उभी केली. टोपीवाली तीच होती. तिनं आम्हाला ओळखलं. माझ्या पिशवीकडं पाहिलं, टेप निघतोय का म्हणून. मी दोन्ही हात मागं बांधले. ती पोरगी खाली वाकली, तळहात पट्टीखालून सरकवू लागली आणि हात अडला. लेकीच्या केसांवर अडला. तिनं केस दाबून पाहिले. तरी अडला.

ती हसली आणि बाजूला झाली.

लहान मुलासोबत एक मोठं माणूस हवं, असा दुसरा नियम होता. मी चपला काढून तयारच होतो. एवढा सव्वा महिना मोजमाप कुणी केलं होतं? पण लेक वळली आणि तिनं आजीचा हात धरला. "आजी, चल."

मी म्हणालो, "अगं, आजीला झेपेल का?"

मायनं माझ्याकडं पाहिलंच नाही. पदर कमरेला खोचला, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि चालायला लागली. दोघी बसल्यावर टोपीवालीनं मायच्या लुगड्याकडं पाहिलं, छातीवरचा दांडा दोनदा ओढून पाहिला आणि अंगठा दाखवला.

मी कठड्याशी उभा राहिलो. खांद्याला पिशव्या, हातात मायच्या चपला. गाडी हलली तेव्हा नकळत माझी नजर घड्याळाकडं गेली. वसमतचे आठ वाजून वीस मिनिटं. हिंगोलीची गाडी सुटायची वेळ. एकोणीस वर्षांत मी हजारो गाड्या सोडल्या, त्यातल्या किती गाड्यांत माझी माणसं होती ते मला आठवेना. ही होती. ती वर चढत गेली, अगदी टोकाला दोन डोकी दिसली, एक काळं आणि एक पांढरं, आणि मग दोन्ही खाली आली आणि उलटी झाली. मला भीती वाटली. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, आता सांगतो. आणि भीतीपेक्षा जास्त आनंद वाटला. मी त्या गाडीत नसतानाही वाटला, हेही खरं.

खाली उतरल्यावर लेक पळत आली. मी वाकलो, मला मिठी मारेल म्हणून. ती माझ्या बाजूनं निघून गेली आणि त्या खांबापाशी आपण होऊन जाऊन उभी राहिली. पाठ लावली, टाचा टेकवल्या, आपलाच तळहात डोक्यावरून पट्टीखाली सरकवला. हात सुळकन निघून गेला.

"पप्पा, बघा," ती हसत हसत म्हणाली, "मी परत कमी झाले. पर बसून आले ना."

मी नुसतं हो म्हणालो.

तेवढ्यात माय आली. अंबाडा सुटलेला, डोळ्यांतून पाणी, तोंडावर कधी न पाहिलेलं हसू. तिनं माझ्या हातातून चपला घेतल्या, पायात घातल्या आणि बाकाकडं निघाली.

"चल, भाकरी सोड," ती म्हणाली. "न्याहारीची वेळ झाली."

मी घड्याळ पाहिलं. बराबर साडेआठ झाले होते.